लिबर्टी हॉटेल, बॉस्टन

लिबर्टी हॉटेल हे अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्यातील बॉस्टन शहरातील एक आलिशान हॉटेल आहे. पूर्वीच्या चार्ल्स स्ट्रीट तुरुंगाच्या इमारतीत ते इ.स. २००७ मध्ये सुरू झाले.

इतिहास

हा ग्रॅनाइटचा तुरुंग इ.स. १८५१ मध्ये बांधून पूर्ण झाला. वास्तुविशारद ग्रिडली ब्रायंट यांनी तुरुंग-सुधारक लुई ड्वाइट यांच्या साहाय्याने त्याचा आराखडा केला. मध्यभागी अष्टकोनी दालन आणि त्याला जोडलेल्या चार शाखा अशी त्याची क्रुसाकार रचना होती. कैद्यांना उजेड व हवा मिळावी म्हणून उंच खिडक्या ठेवण्यात आल्या. त्या काळी हा तुरुंग आदर्श मानला जाई. साको व व्हान्झेटी, तसेच माल्कम एक्स यांना येथे ठेवण्यात आले होते.

कालांतराने गर्दी वाढून तुरुंगाची दुरवस्था झाली. न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी स्वतः येथे एक रात्र काढली आणि इ.स. १९७३ मध्ये ही परिस्थिती कैद्यांच्या घटनात्मक हक्कांचा भंग करणारी असल्याचा निर्णय दिला. तरीही तुरुंग इ.स. १९९० पर्यंत वापरात राहिला.

रूपांतर

हॉटेल करताना मध्यवर्ती दालन, खिडक्या व काही कोठड्यांचे अवशेष जतन करण्यात आले. हॉटेलच्या नावाचा अर्थ ‘स्वातंत्र्य’ असा होतो; तेथील उपाहारगृहाला मात्र ‘क्लिंक’, म्हणजे बोली इंग्लिशमध्ये ‘तुरुंग’, असे नाव देण्यात आले.