अंगणात धूळ खात पडलेली पॅलिओ १.६ घरीच तयार करायची असेल, तर सुरुवात कुठून करायची?

अमरावतीतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या अंगणात किंवा अकोल्याजवळच्या एखाद्या वावरातल्या कोठ्यात डोकावलं, तर कुटाराच्या ढिगाशेजारी ताडपत्री टाकलेली एखादी गाडी सापडतेच. चारही टायर बसलेले, काचेवर बोटभर धूळ. घरातलं कोणी ना कोणी सांगतं, "चालू होती तेव्हा लय पळायची."

काही गाड्यांच्या बाबतीत हे अगदी खरं असतं. फियाट पॅलिओ १.६ ही त्यातलीच एक.

२००१ मध्ये पॅलिओ भारतात आली, तेव्हा तिचा चेहरा होता सचिन तेंडुलकर. पुढे त्याच्या नावाची 'एस १०' ही खास आवृत्तीही निघाली. मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या या छोट्या गाडीत १.६ लिटरचं, १६ व्हॉल्वचं, साधारण १०० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. त्या काळात घरोघरी दिसणारी मारुती ८०० होती ३७ हॉर्सपॉवरची. म्हणजे फरक किती असेल, विचार करा.

पण पेट्रोल पिण्यात ती कोणाला ऐकत नव्हती. सुटे भाग मिळायला त्रास व्हायला लागला, नवी गाडी आली आणि पॅलिओ अंगणात गेली. आता रील्समध्ये चकचकीत झालेल्या जुन्या गाड्या पाहून अनेक पोरांना वाटतं, आपणही आपली गाडी तयार करू. होते का? होते. पण क्रम चुकला, तर पैसेही जातात आणि गाडीही जाते.

पहिला पाना लावायच्या आधी कागद

गाडी घरची असली तरी आरसी कोणाच्या नावावर आहे, हे आधी बघायचं. वडील किंवा काका हयात नसतील, तर वारसाच्या नावावर ती करून घ्यावी लागते. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच असेल, तर बँकेचं ना हरकत पत्र लागतं. चॅसिस आणि इंजिनचा नंबर आरसीशी जुळवून घ्यायचा. तो जुळत नसेल, तर तिथेच थांबलेलं बरं.

दुसरा मोठा गैरसमज म्हणजे "१५ वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते." तसं नाही. पेट्रोल गाडीला १५ वर्षांची आणि डिझेलला १० वर्षांची सक्ती हा दिल्ली परिसराचा विषय आहे. महाराष्ट्रात खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. मग आरटीओची तपासणी पास झाली की ती दर ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. एमएच २७ वाल्यांसाठी हे काम अमरावतीला होतं, एमएच ३० वाल्यांसाठी अकोल्याला.

खर्च मात्र वाढला आहे. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ती १०,००० झाली. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये, म्हणजे वर्षाला ६,००० रुपये वेगळे. वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. त्यामुळे इंजिन उघडायच्या आधी आरटीओत एकूण किती भरावे लागतील, ते विचारून घ्यायचं. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, तपासणीला ती टोचन करून किंवा गाडीवर लादून न्यावी लागते, हेही हिशेबात धरायचं.

"मग व्हिंटेजमध्ये नोंदवू," असंही काही जण म्हणतात. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी. पॅलिओला त्यासाठी अजून बराच वेळ आहे.

वऱ्हाडात उभ्या गाडीचं नक्की काय होतं?

कोकणात गाडी उभी राहिली की खारी हवा पत्रा खाते. वऱ्हाडात पत्रा त्या मानाने वाचतो, पण उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि रबर-प्लास्टिकची वाट लागते. दाराची रबरं तडकतात, डॅशबोर्ड फुटतो, इंजिनवरचे पाईप कडक होतात. पावसाळ्यात काळी माती ओल धरून ठेवते. गाडी थेट मातीवर उभी असेल, तर वरून पत्रा ठीक दिसतो आणि खालून फ्लोअर सडलेला निघतो.

कोठ्यात ठेवलेल्या गाडीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे उंदीर. कुटारात राहायचं आणि वायरिंग कुरतडायचं, हा त्यांचा कार्यक्रम. उघडी पडलेली वायर पत्र्याला टेकली की शॉर्टसर्किट होतं. शेजारी कुटार असेल, तर पुढे काय होईल ते सांगायला नको. म्हणून बॅटरी जोडायच्या आधी गाडी कोठ्याबाहेर काढून पूर्ण वायरिंग डोळ्यांखालून घालायचं. फ्यूज उडत असेल तर त्याच्या जागी तार लावायची नाही, तो का उडतो ते शोधायचं.

थेट सेल्फ मारला तर काय बिघडतं?

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या दिवशी होतं. नवी बॅटरी आणतात, चार मित्र जमतात, मोबाईल काढतात आणि सेल्फ मारतात.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल खाली उतरलेलं असतं. पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असू शकतात. अशात जोर लावला, तर रिंगा तुटतात आणि भिंतीवर ओरखडे पडतात. जे काम ऑईल आणि प्लगवर भागलं असतं, ते लेथवर जातं.

म्हणून आधी प्लग काढायचे. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑईल सोडायचं आणि एक-दोन दिवस मुरू द्यायचं. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने हळूच फिरवायचं. फिरलं तर अर्धी लढाई जिंकली. अडलं तर जबरदस्ती करायची नाही.

त्यानंतर टायमिंग बेल्ट. हा रबरी पट्टा व्हॉल्व आणि पिस्टनची वेळ सांभाळतो. गाडी किती किलोमीटर चालली यापेक्षा बेल्ट किती वर्षांचा आहे, हे महत्त्वाचं, कारण रबर उभ्या उभ्याही जुनं होतं. चालू इंजिनात तो तुटला, तर व्हॉल्व पिस्टनवर आदळून वाकू शकतात. बेल्ट आणि टेन्शनर बदलायचं काम माहीतगार मिस्त्रीकडेच द्यावं. एक दात चुकला तरी महागात पडतं.

टाकीतलं जुनं पेट्रोल

पेट्रोल वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्याचा चिकट थर होतो. तो पंप आणि इंजेक्टर जाम करतो. टाकी पूर्ण रिकामी करून साफ करायची, फिल्टर बदलायचा. हे काम उघड्यावर, बॅटरी काढून आणि विडी-सिगारेट लांब ठेवूनच करायचं.

नवीन पेट्रोलचा प्रश्न वेगळा आहे. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. २० वर्षांपूर्वीची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुनी रबरं खराब करू शकतं. त्यामुळे इंधनाचे सगळे रबरी पाईप इथेनॉल सोसणारे टाकायचे. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल, तर टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवायचं नाही.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये? चुकूनही नाही

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागातल्या माणसाला हे पाणी कसं असतं, ते सांगायची गरज नाही. जे पाणी बादलीवर पांढरा थर सोडतं, तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही थर धरतं. नळ्या अरुंद होतात, ॲल्युमिनियमचं हेड गंजतं आणि मे महिन्यात गाडी तापते. इंजिन तापलं की हेड वाकतं.

त्यामुळे जुनं पाणी काढून सिस्टीम फ्लश करायची. मग तयार कूलंट भरायचं, किंवा डिस्टिल्ड पाण्यात बनवलेलं. थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि रेडिएटरचा पंखा हे तिन्ही तपासून घ्यायचे. "गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला" हा जुना जुगाड परत करायचा नाही.

इंजिन चालू झालं, पण गाडी थांबते का?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. इंजिन चालू झालं की पोरांना याच रस्त्यावर गाडी काढायची घाई असते. धोका इथेच आहे.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं. जोरात ब्रेक लावताना ते तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. म्हणून पूर्ण ब्रेक ऑईल, रबरी होज, किट आणि गरज असेल तर पॅड-लायनर बदलायचं. यात "सध्या चालवून पाहू" चालत नाही.

टायरचंही तसंच. नक्षी शाबूत असली म्हणून टायर चांगला नसतो. बाजूला चार आकडे असतात. १२०९ म्हणजे २००९ सालचा १२ वा आठवडा. असा टायर डिसेंबरच्या गारव्यात टिकेल, पण एप्रिलच्या तापलेल्या रस्त्यावर १०० च्या वेगाला फुटू शकतो.

घरी काय करायचं, गॅरेजला काय द्यायचं?

साफसफाई, ऑईल-फिल्टर, प्लग, कूलंट, सीट, काचांची रबरं, वरवरचा गंज घासून प्रायमर मारणं, ही कामं घरी होतात. टायमिंग बेल्ट, ब्रेक, वेल्डिंग आणि एसी गॅस ही बाहेरची कामं. गाडीखाली शिरायचं असेल, तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. खाली जॅक स्टँड हवेच आणि तेही पक्क्या जमिनीवर. काळ्या मातीत ते खचतात.

सुटे भाग अमरावती-अकोल्यात सगळे मिळणार नाहीत. मग फोन करून नागपूर, पुणे आणि मुंबईच्या कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात शोधावं लागतं आणि पार्सल ट्रॅव्हल्सने येतं. गाडी जिथे बनली, तिथूनच तिचा भाग परत येतो. काही भागांना महिने लागतात. म्हणून गाडी उघडताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढायचे आणि नट-बोल्ट नाव लिहिलेल्या डब्यांत ठेवायचे. अर्धवट सुटलेली गाडी तिथेच सोडली जाते, त्याचं एक मोठं कारण म्हणजे काय कुठे लागतं तेच विसरलेलं असतं.

पेंट सगळ्यात शेवटी. आधी रंग मारून नंतर इंजिन उतरवलं, तर रंगाचे पैसे पुन्हा द्यावे लागतात. इंजिन बदलणं किंवा गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करणं याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, त्यामुळे आरटीओला न विचारता ते करायचं नाही.

मग हे सगळं परवडतं का?

विकून नफा काढायचा विचार असेल, तर बहुतेक वेळा नाही. तयार करायला लागणारा खर्च गाडीच्या बाजारभावापेक्षा सहज जास्त होतो. चॅसिस सडलेली असेल, कागद जुळत नसतील किंवा ब्रेक-टायरचे पैसेच नसतील, तर अधिकृत स्क्रॅप केंद्रात गाडी देऊन प्रमाणपत्र घेणं शहाणपणाचं. नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत मिळते.

पण पत्रा शाबूत असेल, इंजिन हाताने फिरत असेल आणि आरसी घरच्याच नावावर असेल, तर काम करण्यासारखं आहे. तपासणी पास झाल्यावर पहिले काही आठवडे गाडी गावातल्या गावात, सकाळच्या गारव्यात चालवायची. रोज खाली डाग पडतो का, कूलंट उतरतं का, ब्रेकचं पेडल घट्ट आहे का, ते बघायचं. हे सगळं जमलं की मग वडिलांना शेजारच्या सीटवर बसवून अकोल्याला जाऊन यायला हरकत नाही.