जुन्या विद्युत्-सायकलीच्या बॅटरीची परीक्षा

जयपूरच्या जुन्या तटबंदीच्या आग्नेयेस राजा पार्क ही वस्ती आहे. फाळणीनंतर या भागात निर्वासितांनी घरे बांधली, दुकाने थाटली आणि बाजारपेठ वाढविली. आज तेथील रस्त्यांवरून विजेवर चालणाऱ्या सायकली, स्कूटर व रिक्षा धावताना दिसतात. अशी एखादी सायकल काही वर्षे वापरली, की एका चार्जवर पूर्वीइतके अंतर तोडीनाशी होते. बॅटरी मेली, असे समजून मालक नवी घ्यावयास निघतो. पण ती सगळीच मेलेली असते काय?

विजेच्या वाहनाचा प्रयत्न महाराष्ट्रालाही नवा नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विजेवर चालणारी रिक्षा तयार केली. तिला शिशाची बॅटरी होती. अशी बॅटरी 1859 साली फ्रान्समधील गास्तों प्लांते याने प्रथम बनविली. ती स्वस्त, पण अतिशय जड. लिथियम-आयन बॅटरी 1991 साली जपानमधून बाजारात आली आणि वाहनावरील हा भार पुष्कळच हलका झाला. तिच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना 2019 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सायकलीच्या पेटीत एकच मोठी बॅटरी नसते, तर लहान सेलांचा समूह असतो. नेहमीचा सेल 18 मिलीमीटर व्यासाचा व 65 मिलीमीटर लांबीचा असतो. त्याचा दाब सरासरी 3.6 व्होल्ट आणि पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2 व्होल्ट असतो. चार सेल समांतर जोडून एक गट आणि असे दहा गट एकापुढे एक जोडले, की चाळीस सेलांची 36 व्होल्टची बॅटरी होते. साखळी जशी सर्वांत कच्च्या कडीइतकीच भक्कम, तशी ही बॅटरी सर्वांत दुबळ्या गटाइतकीच समर्थ असते.

समजा, नऊ गटांची धारणाशक्ती 9 अँपियर-तास उरली आहे आणि एकाची 5. तो एक गट रिकामा होताच पेटीतील रक्षक-मंडल संपूर्ण प्रवाह तोडते. बाकीच्या नऊ गटांत वीज शिल्लक असते, पण ती सायकलीच्या कामी येत नाही. पेटीच्या मध्यभागी साठणारी उष्णता, सैल पडलेला एखादा सांधा, किंवा एखादा सदोष सेल यांमुळे असा गट दुबळा होतो.

तेव्हा पेटी उघडल्यावर तंत्रज्ञ प्रथम प्रत्येक गटाचा दाब मोजतो. जो सेल 2 व्होल्टांच्या खाली जाऊन पडून राहिला असेल, तो निरुपयोगीच मानला पाहिजे. कारण अशा स्थितीत आतील तांब्याचा पत्रा विरघळतो आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबे भलत्याच जागी बसून आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकते. उरलेले सेल सुटे करून पूर्ण चार्ज करतात व काही दिवस तसेच ठेवतात. ज्याचा दाब इतरांहून ठळकपणे उतरतो, त्यास बाद करतात. नंतर ठरावीक प्रवाहाने सेल रिकामा करून लागलेला वेळ मोजतात. 1 अँपियरने सव्वादोन तास चालला, तर त्याची धारणाशक्ती 2.25 अँपियर-तास झाली. शेवटी अंतर्गत रोध पाहतात. 2 अँपियर घेताच दाब 4.00 वरून 3.90 व्होल्टांवर आला, तर रोध 0.05 ओहम होय. रोध दुप्पट झाला, की तेवढ्याच प्रवाहात उष्णताही दुप्पट निर्माण होते.

पुनर्बांधणीचा नियम साधा आहे: सारख्यास सारखा जोडावा. जुन्या सेलांच्या साखळीत एक नवा, जोमदार गट घातल्याने बॅटरी बलवान होत नाही. तिची मर्यादा जुने गटच ठरवितात. जोडणीसाठी निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने बसवितात. डाखकाम करू नये, कारण त्या तापाने आतील पातळ पडदा बिघडतो. धन टोकावर कागदी चकती हवी आणि रक्षक-मंडल तर हवेच हवे.

हे काम मुलांनी किंवा अननुभवी माणसाने घरी करावयाचे नव्हे. 42 व्होल्टांचा झटका सहसा जीवघेणा नसतो. परंतु दोन टोकांवर पाना पडला, तर क्षणात ठिणग्या उडून धातू वितळतो. बोटातील अंगठी, मनगटावरील कडे आधी काढून ठेवावे. फुगलेला, गळणारा किंवा गोड उग्र वास येणारा सेल तपासण्याच्या फंदात पडूच नये. असा सेल पेटला, तर त्याचा धूर विषारी असतो. तेथून दूर होऊन अग्निशामक दलास बोलवावे.

जयपूरच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो. उष्णतेने सेलातील नासाच्या क्रिया वेगाने चालतात. म्हणून उन्हातून आलेली सायकल आधी सावलीत निवू द्यावी, मग चार्ज करावी. पहाटेची वेळ त्यास उत्तम.

बाद सेल कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. भारतात 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पुनर्बांधणीत काटकसर आहे, यात शंका नाही; परंतु चाळीस सेलांपैकी जो शंकास्पद, तो निर्मोहपणे बाजूला काढणे, हीच त्या काटकसरीची पहिली अट आहे. वाचविलेल्या चार पैशांपेक्षा घरात झोपलेल्या माणसांचे मोल अधिक असते.