वरच्या सभागृहाचे काय करावे?

मराठीने ‘वरिष्ठ सभागृह’ हा शब्द पत्करला खरा. परंतु एकत्र कुटुंबात जशी मानाची खुर्ची वडीलधाऱ्यांना आणि किल्ल्यांचा जुडगा मात्र सुनेच्या कमरेला, तशीच काहीशी आपल्या विधिमंडळाची व्यवस्था आहे. विधानपरिषद वरिष्ठ, विधानसभा कनिष्ठ. आणि किल्ल्या कनिष्ठाकडे! मंत्रिमंडळ जबाबदार असते ते विधानसभेला. अविश्वासाचा ठराव येतो तोही तिथेच. धनविधेयक परिषदेकडे गेले की तिने चौदा दिवसांच्या आत ते परत धाडावे, वाटल्यास सूचना कराव्यात. त्या मानायच्या की नाही हे विधानसभा पाहून घेईल. साधे विधेयक परिषद पहिल्या खेपेस तीन महिने आणि विधानसभेने ते पुन्हा मंजूर केले तर आणखी एक महिना अडवू शकते. पुढे तिचा इलाज चालत नाही. दिल्लीत दोन्ही सभागृहांचे बिनसले तर संयुक्त बैठक तरी भरवता येते. राज्यात तीही सोय घटनाकारांनी ठेवलेली नाही.

मग हे सभागृह हवे कशाला? कित्येक राज्यांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले आहे. पश्चिम बंगालने आपली परिषद १९६९ साली मोडली, तामिळनाडूने १९८६ साली. आंध्र प्रदेशाची कथा तर मोठी गमतीची आहे. तिथे परिषद १९८५ साली गेली, २००७ साली परत आली, २०२० च्या जानेवारीत ती पुन्हा मोडावी असा ठराव विधानसभेने केला आणि २०२१ च्या नोव्हेंबरात तो ठरावच मागे घेतला! तत्त्वाचा प्रश्न एवढ्या लवकर कूस बदलत नसतो. परिषदेत आपले बळ किती, यावर तिची गरज ठरत गेली, एवढाच त्याचा अर्थ. आज सहा राज्यांत असे दुसरे सभागृह उरले आहे आणि त्यांत महाराष्ट्र आहे. मुंबई प्रांतात ते १९३७ पासून चालत आलेले.

परिषद कामात खोडा घालते, असा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कायद्याचे उदाहरण त्यासाठी दिले जाते. विधानसभेने २००५ साली मंजूर केलेले ते विधेयक परिषदेत अडकले आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ च्या ऑगस्टमध्ये खून झाल्यावर आधी अध्यादेश व डिसेंबरात कायदा झाला. आठ वर्षे! पण वर सांगितलेला हिशेब वाचकांनी आठवावा. तीन महिने आणि एक महिना. सरकारच्या मनात असते तर विधानसभेकडून ते पुन्हा मंजूर करून घेऊन कधीच मार्गी लावता आले असते. ज्या कामाला हात लावायचे धैर्य होत नाही ते परिषदेच्या कोनाड्यात ठेवून द्यायचे आणि वर तिलाच बोल लावायचा, ही रीत काही बरी नव्हे.

या सभागृहाने दिले काय, हेही पाहिले पाहिजे. आपल्या पगारपत्रकावर ‘व्यवसाय कर’ म्हणून एक कपात असते. ती कशासाठी हे फारच थोड्या घरांत ठाऊक असेल. रोजगार हमी योजनेला पैसा उभा राहावा म्हणून १९७५ साली हा कर आला. शहरातल्या नोकरदाराने चार पैसे द्यावेत आणि दुष्काळी भागातल्या माणसाला मागेल तेव्हा काम मिळावे, अशी ती योजना. तिचे जनक वि. स. पागे हे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे विधानपरिषदेचे सभापती होते. तासगावच्या परिसरात १९६५ च्या सुमारास त्यांनी तिचा पहिला प्रयोग घडवून आणला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्याच्या उपयोगी पडली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याला तिचाच दाखला होता. मतदारसंघातल्या रोजच्या ओढाताणीपासून थोड्या दूर असलेल्या खुर्चीतून एवढा लांबचा विचार झाला, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

शिवाय या सभागृहात ग. दि. माडगूळकर बसत होते, ना. धों. महानोर बसत होते. फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवणारे ग. प्र. प्रधान पदवीधर मतदारसंघातून निवडून येऊन अठरा वर्षे तिथे होते आणि विरोधी पक्षनेतेही झाले. विधानसभेच्या निवडणुकीची धामधूम यांतल्या किती जणांना पेलली असती?

पण ही झाली कालची पुण्याई. परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतले प्रतिनिधी, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक. उरलेले १२ राज्यपाल नेमतात आणि ते साहित्य, विज्ञान, कला, सहकार व समाजसेवा यांतले जाणकार असावेत असे घटना सांगते. या बारा जागांचे २०२० पासून काय झाले? तेव्हाच्या सरकारने नोव्हेंबरात बारा नावे धाडली. राज्यपालांनी हो म्हटले नाही की नाही म्हटले नाही. वाजवी मुदतीत निर्णय व्हावा, असे उच्च न्यायालयाला २०२१ साली सांगावे लागले. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि नव्या सरकारने ती यादीच मागे घेतली. अखेर २०२४ च्या ऑक्टोबरात सात जणांचा शपथविधी झाला. पाच जागा त्या दिवशीही रिकाम्याच होत्या. आणि त्या सातांत लेखक म्हणून ओळखले जाणारे एकही नाव नव्हते. माडगूळकरांच्या बाकावर आज कोण बसते, हे मराठीच्या अध्यापकाने विचारले तर त्यात आगाऊपणा मानू नये.

स्थानिक संस्थांच्या जागांचीही तीच गत झाली. महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या मुदती २०२२ मध्ये संपत गेल्या, कारभार प्रशासकांकडे गेला. नगरसेवकच नाहीत तर मतदार कुठून आणणार? जागा एकामागून एक रिकाम्या होत राहिल्या.

आता माझ्या स्वतःच्या मतांविषयी. मी पदवीधर आणि महाविद्यालयात शिकवणारा. तेव्हा विधानसभेचे एक, पदवीधराचे दुसरे आणि शिक्षकाचे तिसरे अशी तीन मते माझ्या पदरात आहेत. ज्या बाईंनी माझ्या मुलाचा हात धरून ‘ग म भ न’ गिरवून घेतले, त्यांना मात्र शिक्षक म्हणून मत नाही. कारण माध्यमिक शाळेच्या खालचे शिकवणे त्या यादीत बसत नाही! १९५१ च्या जनगणनेत शंभरातली अठरा माणसे साक्षर होती. त्या काळी पदवीधराला वेगळे मत देण्यामागची कळकळ समजू शकते. आज एकेका चाळीत, वाड्यात पदव्या टांगलेल्या आहेत. शिवाय दर निवडणुकीला नाव नव्याने नोंदवावे लागते. आपण विसरतो, पक्षाचा कार्यकर्ता विसरत नाही. तोच अर्ज घरी आणून देतो आणि पुढे मतही मागतो. बरे, या मतदारसंघातून उभा राहणारा स्वतः पदवीधर असलाच पाहिजे असेही नाही. मद्रासच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच तसा निर्वाळा दिला आहे.

म्हणून परिषद मोडू नये, पण तिची घडी बदलावी, असे मला वाटते. पदवीधरांच्या सात जागा खुशाल काढून घ्याव्यात. माझे एक मत गेले तर मी तक्रार करणार नाही. त्या जागा गावच्या सरपंचांना द्याव्यात. त्यांना आज परिषदेसाठी मतच नाही. शिक्षकांच्या यादीत प्राथमिक शिक्षक यावेत. राज्यपालांकडे गेलेल्या नावांवर तीन महिन्यांत होकार किंवा नकार लेखी मिळावा.

यांतल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी घटनादुरुस्तीचीही गरज नाही. परिषदेची रचना सांगणाऱ्या १७१ व्या कलमातच म्हटले आहे की, संसद कायद्याने दुसरे काही ठरवीपर्यंत ही वाटणी चालू राहील. घटना अमलात येऊन पंचाहत्तर वर्षे होऊन गेली. संसदेने अजून दुसरे काही ठरवलेले नाही.