सर्व्हरचं घर बदलताना

आधी एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी लेख म्हटला की घाम फुटतो. संपादक मंडळातल्या ताईंनी सुचवलं की पार्टिशनला ‘विभाजन’ लिही. पण विभाजन म्हटलं की मला इतिहासाचं पुस्तक आठवतं. तेव्हा मी पार्टिशनच लिहिणार. चूकभूल द्यावी घ्यावी.

तर गोष्ट आमच्या लॅबमधल्या जुन्या लिनक्स सर्व्हरची. त्याच्यात ८० जीबीची आयडीई हार्डडिस्क, आणि तिच्यावर सीनियर्सचे कितीतरी वर्षांचे प्रोजेक्ट रिपोर्ट आणि सोर्स कोड. दुसरी कॉपी कुठेच नाही! गेल्या सत्रात डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला. सरांनी मला आणि माझ्या रूममेटला सांगितलं, “हा सर्व्हर व्हर्च्युअल करून टाका.” म्हणजे जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं एका व्हर्च्युअल डिस्कमध्ये उतरवायचं आणि तोच सर्व्हर नव्या मशीनच्या पोटात चालवायचा. जुनं लोखंड भंगारात गेलं तरी सर्व्हर जिवंत.

आम्ही ७४ जीबीची व्हर्च्युअल डिस्क बनवली (७४च का, ते पुढे सांगते). जुनी डिस्क यूएसबीनं जोडली, डीडी कमांड सुरू केली आणि मेसमध्ये जेवायला गेलो. परत आलो तर काम थांबलेलं. झालं असणार! जुनी डिस्क काढली, व्हर्च्युअल मशीन सुरू केलं. ग्रबचा मेनू आला, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्याच क्षणी कर्नल पॅनिक. रूट फाइलसिस्टिम सापडत नाही म्हणे.

रूममेट म्हणाली, “गेलं सगळं. फॉर्मॅट मारून नवीन लिनक्स टाकू या.” खरं सांगते, मीही हो म्हणणार होते.

पण थांबा. डिस्कवर पार्टिशन म्हणजे नेमकं काय असतं? जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यात ४४६ बाइट बूट कोड, मग ६४ बाइटचं पार्टिशन टेबल, आणि शेवटी २ बाइटची खूण. टेबलात १६ बाइटच्या चार नोंदी: पार्टिशन कुठल्या सेक्टरपासून सुरू होतं आणि किती लांब आहे. बस्स. हे टेबल म्हणजे आपल्या वॉर्डनचं रजिस्टर. रजिस्टर चुकलं म्हणून खोलीतली मुलं गायब होत नाहीत.

आम्ही लाइव्ह सीडीवरून बूट करून पाहिलं. तिन्ही पार्टिशन जागेवर होती. मग सापडत का नव्हती? कारणं दोन. पहिलं, जुन्या कर्नलमध्ये आयडीई डिस्कचं नाव ‘एचडीए’ असायचं. आमच्या व्हर्च्युअल मशीनला स्कझी कंट्रोलर होता, म्हणून तीच डिस्क आता ‘एसडीए’ झाली. एफएसटॅब फाइल आणि ग्रब मात्र अजून ‘एचडीए’लाच शोधत होते. थोडक्यात, एच ब्लॉकचा एस ब्लॉक झाला आणि पोस्टमनला कुणी सांगितलंच नाही! दुसरं, बूट होताना आधी जी छोटी इनिट-रॅमडिस्क लोड होते, तिच्यात नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नव्हता. म्हणजे पोस्टमनकडे गेटची किल्लीही नाही.

उपाय: लाइव्ह सीडीवरून रूट पार्टिशन माउंट करायचं, सीएचरूट करून आत शिरायचं, नावांच्या जागी यूयूआयडी लिहायचे आणि नव्या ड्रायव्हरसकट इनिट-रॅमडिस्क पुन्हा बनवायची. यूयूआयडी म्हणजे फाइलसिस्टिमचा पीआरएन नंबर. ब्लॉक बदला, खोली बदला, पीआरएन तोच. फक्त एक सावधगिरी: कॉपीचा यूयूआयडीही तोच असतो. बूट करताना जुनी आणि नवी डिस्क एकत्र जोडली तर एकाच पीआरएनचे दोन विद्यार्थी परीक्षेला हजर!

सर्व्हर बूट झाला. पण प्रोजेक्ट्स असलेलं तिसरं पार्टिशन काही माउंट होईना. तक्रार अशी की फाइलसिस्टिम डिस्कपेक्षा मोठी आहे. आता आमचं पाप उघडं पडलं.

कंपनीचा जीबी म्हणजे १०० कोटी बाइट. बऱ्याच सॉफ्टवेअरचा जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. आमच्या डिस्कवर १५,६३,०१,४८८ सेक्टर होते, म्हणून ती सॉफ्टवेअरला ७४.५३ जीबी दिसायची. आम्ही आपले ‘७४’ टाकून मोकळे झालो. त्या दशांशात सुमारे ५४३ एमबी शेपूट कापली गेली. डीडीनं ‘जागा संपली’ असं स्क्रीनवर लिहिलंही होतं, पण आम्ही जेवून आल्यावर ते वाचलंच नव्हतं.

आता पुन्हा जुनी डिस्क लागणार होती. ती कुठे? लॅबच्या काकांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली होती. म्हणाले, “तुमचं नवं महिनाभर नीट चालू दे, मग टाकू.” यावेळी ८० जीबीची व्हर्च्युअल डिस्क बनवली. मोठी चालते, लहान चालत नाही. साध्या डीडीऐवजी डीडी-रेस्क्यू वापरलं, कारण ते कुठले सेक्टर वाचले आणि कुठले राहिले याची नोंद ठेवतं. डिस्क टकटक करत होती, आम्ही गप्प बसून आकडे बघत होतो. या वेळी जेवायला कुणी गेलं नाही.

सगळे सेक्टर वाचले गेले. आधीच्या दुरुस्त्या पुन्हा केल्या, तिसरं पार्टिशन माउंट झालं. पहिलाच रिपोर्ट उघडला तर आभाराच्या पानावर काकांचं नाव.

तुमच्यावर कधी ही वेळ आली तर एवढं करा. आकार जीबीत नाही, सेक्टरमध्ये मोजा. कमांडची शेवटची ओळ वाचा. सर्व्हर बंद करून मगच कॉपी घ्या, चालू असताना फाइल्स बदलत राहतात. बूट झालं नाही तर आधी फक्त बघा, काही लिहू नका. बहुतेक वेळा डेटा असतो, पत्ता चुकलेला असतो. आणि जुनी डिस्क महिनाभर तरी कपाटात राहू द्या.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी