बर्फ नाही, तरी विंटर टायर?

"रस्त्यावर बर्फच नाही, मग विंटर टायर कशाला?" जर्मनीत नव्याने गाडी घेतलेल्यांना हा प्रश्न पडतोच.

खरी गोम रबरात आहे. थंडीत समर टायरचं रबर कडक होतं, खडबडीत रस्त्यात नीट रुतत नाही, पकड घटते. विंटर टायरचं रबर लवचिक राहतं. त्यावरच्या बारीक चिरा बर्फालाही धरतात. म्हणून पारा ७ अंशांखाली जाऊ लागला की टायर बदला, हा ठोकताळा.

फोर-व्हील ड्राइव्ह आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तिच्यामुळे गाडी सहज निघते. पण ब्रेक दाबल्यावर सगळी भिस्त टायरवरच.

जर्मन कायदा तारीख नाही, रस्ता बघतो: बर्फ असेल तर योग्य टायर हवेतच. ऑक्टोबर २०२४ पासून त्यांवर डोंगर-हिमकणाचं चिन्ह लागतं. ते असेल तर ऑल-सीझन टायरही चालतात.