फाइल शाबूत, यादी गायब

‘सोसायटीचा मेंटेनन्स भरणे’ ही नोंद फाइलीत डोळ्यांसमोर आहे. तारीख आहे, आधी ‘करायचे’ असा शेराही आहे. पण आजच्या कामांची यादी मागवली, की तिच्यात नेमकं हेच काम नाही. साध्या मजकुराच्या फाइलीत टिपणं आणि कामं ठेवणाऱ्यांवर ही वेळ कधी ना कधी येतेच. बहुतेक जण मग फाइलीवर संशय घेतात आणि नोंद खोडून पुन्हा लिहितात. खरं तर फाइलीला हात लावायची पाळी सर्वांत शेवटी यायला हवी. या सगळ्या कारभारात लपवाछपवी न करणारी तीच एक वस्तू आहे.

अशा साधनांमधलं सर्वांत नावाजलेलं म्हणजे ऑर्ग मोड. ॲमस्टरडॅम विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी ते २००३ मध्ये स्वतःची टिपणं आणि प्रकल्प सांभाळण्यासाठी लिहायला घेतलं. ते चालतं इमॅक्स या जुन्या संपादकावर, ज्याची मुळं १९७० च्या दशकातल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत आहेत. ऑर्गची रचना अगदी साधी. ओळीच्या सुरुवातीला चांदणी (*) असली की ते शीर्षक, तिच्यापुढचा शब्द म्हणजे कामाची स्थिती, टोकदार कंसात तारीख. डेटाबेस वगैरे काही नाही. हीच फाइल उद्या नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते.

गुंता त्याच्या पुढे आहे. आपण पाहतो ती यादी फाइलीत कुठेच नसते. प्रोग्राम ती दर वेळी मजकूर वाचून रचतो. म्हणजे मजकूर आणि यादी यांच्यामध्ये वाचणारा प्रोग्राम, त्याची स्मृती, वापरणाऱ्याने केलेल्या सेटिंग्ज आणि वरून बसवलेली पॅकेजेस असे थर असतात. घोळ बहुतेकदा यांतल्या कुठल्या तरी दोन थरांच्या सांध्यात असतो.

आधी जे बिघाड नसतातच ते बाजूला काढलेले बरे. ‘करायचे’ आणि ‘झाले’ असे मराठी शेरे ऑर्ग बिनतक्रार स्वीकारतो, पण ते फाइलीच्या डोक्यावरच्या एका ओळीत जाहीर करावे लागतात, आणि ती ओळ बदलल्यावर तिच्यावर कंट्रोल-सी दोनदा दाबून प्रोग्रामला कळवावं लागतं. ते राहिलं तर ‘करायचे’ हा त्याच्या लेखी शीर्षकातलाच एक शब्द. दुसरा नेहमीचा चकवा म्हणजे उदाहरण म्हणून चिकटवलेल्या मजकुरात ओळीच्या आरंभी आलेली चांदणी. ऑर्ग तिलाही शीर्षक समजतो आणि चौकट तिथेच तुटते. चांदणीआधी एक स्वल्पविराम टाकला की काम भागतं. उपाय ओबडधोबड आहे, पण साध्या मजकुराशी संसार मांडला की अशा तडजोडी आल्याच.

हे सगळं पाहूनही यादी कोरीच राहिली, तर इमॅक्स ‘क्यू’ हा पर्याय देऊन सुरू करायचा. मग तो वापरणाऱ्याची एकही सेटिंग वाचत नाही. त्या कोऱ्या अवस्थेत चार ओळींची चाचणी-फाइल उघडून बघावी. तिथे सगळं सुरळीत असेल तर दोष आपल्या सेटिंग्जमध्ये. आणि त्या असतात हजार-हजार ओळींच्या, वर्षानुवर्षं इकडून तिकडून उचललेल्या. त्या वरून खाली वाचत बसणं म्हणजे अंदाजाचे बाण. त्यापेक्षा निम्म्या ओळी बंद करा; बिघाड राहिला तर तो उरलेल्या निम्म्यात, गेला तर बंद केलेल्यांत. पुन्हा निम्म्या करा. १,०२४ ओळींतली दोषी ओळ जास्तीत जास्त १० फेऱ्यांत हाती लागते, कारण दोनाचा दहावा घात तेवढाच. दोन सेटिंग्ज एकेकट्या निरुपद्रवी आणि एकत्र आल्या की भांडणाऱ्या असतील तर मात्र ही युक्ती हुलकावणी देते.

सेटिंग्ज निर्दोष ठरल्या तर सर्वांत चिवट बिघाडाकडे वळावं लागतं. इमॅक्सबरोबर ऑर्गची एक आवृत्ती २००७ पासून येतेच. वापरणारा वरून नवी बसवतो. बसवताना जुन्या आवृत्तीचा एखादा भाग आधीच स्मृतीत चढलेला असेल, तर नवा कोड जुन्याच्या सावलीत कंपाइल होतो. इथे लिस्प भाषेतला मॅक्रो हा प्रकार समजून घ्यायला हवा. फंक्शन प्रोग्राम चालताना बोलावलं जातं. मॅक्रो कंपाइल होतानाच उलगडून त्याच्या जागी पूर्ण कोड बसतो. कंपायलरला नवा मॅक्रो माहीतच नसला तर तो त्याला साधं फंक्शन समजून तशी नोंद करून ठेवतो. पुढे प्रत्यक्ष चालताना त्या नावाखाली मॅक्रो सापडतो आणि प्रोग्राम ‘इनव्हॅलिड फंक्शन’ म्हणून अडून बसतो. दोन्ही आवृत्त्या आपापल्या जागी बिनचूक. चूक फक्त त्यांच्या मिश्रणात. म्हणून कोडच्या ओळी तपासून काही सापडत नाही. कंपाइल केलेल्या फाइली काढून टाकून कोऱ्या इमॅक्समधून ऑर्ग पुन्हा बसवणं हाच मार्ग. या घोळाने इतकं छळलं, की २०२२ च्या ९.६ आवृत्तीपासून ऑर्ग सुरू होतानाच आपले सगळे भाग एकाच आवृत्तीचे आहेत का हे तपासू लागला.

त्याच आवृत्तीत स्मृतीचा भागही नव्याने बेतला गेला. मोठी फाइल दर वेळी पहिल्यापासून वाचणं परवडत नाही, म्हणून ऑर्ग तिचा आराखडा जपून ठेवतो: अमुक शीर्षक इतक्याव्या अक्षरापासून तितक्याव्या अक्षरापर्यंत. वर एक अक्षर टंकलं की खालचे सगळे आकडे एकाने सरकतात. हा बदल झाल्याची वर्दी इमॅक्स देतो आणि ऑर्ग आराखडा सुधारून घेतो. एखाद्या पॅकेजने ती वर्दी बंद ठेवून मजकूर बदलला, की आराखडा शिळा होतो. मग ऑर्गला शीर्षक वाटतं ते एखाद्या परिच्छेदाच्या मधोमध असतं. हा आराखडा डिस्कवरही साठतो, त्यामुळे ‘बंद करून चालू करा’ हा रामबाण इथे लागेलच असं नाही. तो पुसून नव्याने रचायची स्वतंत्र कमांड आहे. तिने यादी पूर्ववत झाली तर फाइल शाबूत असल्याचीही खात्री पटते.

तारखांचा प्रकार वेगळा. ३१ जानेवारीच्या कामाला ‘दर महिन्याला’ अशी खूण करून ‘झाले’ म्हटलं, की ऑर्ग महिन्यात एक मिळवतो. ३१ फेब्रुवारी ही तारीख इमॅक्सचं वेळ मोजणारं फंक्शन नाकारत नाही. जादा दिवस पुढे ढकलून २०२५ मध्ये ती ३ मार्च करतं. फेब्रुवारीचा हप्ता क्षयतिथीसारखा गळून जातो आणि पुढचे हप्ते ३ तारखेला येऊ लागतात. याला बिघाड म्हणायचं का? मी म्हणेन, कारण मेंटेनन्स मागणारा सेक्रेटरी अंकगणित ऐकून घेत नाही. पण गणिताच्या बाजूने पाहिलं तर ‘एक महिन्याने’ याचं एकच उत्तर नसतं, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला कुठलं तरी एक निवडावंच लागतं.

काही बिघाड याद्यांपुरते थांबत नाहीत. साधा मजकूर म्हणजे निरुपद्रवी, असं आपण धरून चालतो. जून २०२४ मध्ये त्याला तडा गेला. ऑर्गमध्ये लांबलचक दुव्यांना छोटी टोपणनावं देता येतात, आणि टोपणनाव उलगडताना एखादं फंक्शन चालवायचीही सोय आहे. ते फंक्शन सुरक्षित आहे की नाही हे न पाहताच चालवलं जात होतं. म्हणजे दुसऱ्याने पाठवलेली फाइल उघडताच आपल्या संगणकावर त्याला हवी ती कमांड चालू शकली असती. ऑर्ग ९.७.५ आणि इमॅक्स २९.४ याच दुरुस्तीसाठी तातडीने काढण्यात आले. त्याआधीच्या आवृत्तीवर कोणी अजून रेटत असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी अद्ययावत व्हावं.

मराठीत टिपणं ठेवणाऱ्यांची एक तक्रार अजून पुरती मिटलेली नाही. ऑर्गमधल्या तक्त्यात मराठी मजकूर भरला, की रकान्यांच्या उभ्या रेघा नागमोडी होतात. कारण ऑर्ग रकाना भरतो तो रिकाम्या जागा मोजून, प्रत्येक अक्षराची रुंदी ठरावीक घरांची धरून. ‘क्षि’ संगणकाच्या लेखी चार चिन्हांचा आहे, पडद्यावर त्याचा एकच आकार उमटतो, आणि त्याची रुंदी पूर्ण घरांच्या हिशेबात बसत नाही. २०२० च्या इमॅक्स २७ पासून हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं इंजिन आल्यावर जोडाक्षरं नीट दिसू लागली, पण रेघांचा प्रश्न जोडाक्षरांचा नव्हताच. घरांऐवजी पिक्सेल मोजून रेघा जुळवणारं व्हीअलाइन नावाचं पॅकेज आहे. तक्ता फार मोठा नसेल तर ते बसवून पाहावं, आणि एरवी वाकड्या रेघांकडे दुर्लक्ष करावं. मजकुराला त्याने काही होत नाही.