कालची फाइल, आजची फाइल : नेमके बदलले काय?

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील संगणक यंत्रणा कोलमडली. केसपेपर, भरती, डिस्चार्ज, बिले, तपासण्यांचे अहवाल ही सगळी कामे हाताने, कागदावर करावी लागली. सरकारने नंतर संसदेत दिलेल्या माहितीनुसार रुग्णालयाचे पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली. सुदैवाने एक बॅकअप सर्व्हर या हल्ल्यातून वाचला होता. त्यावरून माहिती परत मिळवली गेली, नव्या सर्व्हरवर ठेवली गेली. तरीही बहुतेक सेवा पूर्ववत व्हायला दोन आठवडे गेले.

‘बॅकअप आहे ना, मग चिंता कसली?’ असे आपण सहज म्हणतो. पण अशा प्रसंगी बॅकअप हाती असणे ही केवळ सुरुवात असते. त्यानंतरचा प्रश्न अधिक अवघड असतो : कोणत्या दिवसाची प्रत निर्धोक आहे, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत कोणकोणत्या फाइली बदलल्या? या प्रश्नाचे उत्तर तासाभरात मिळते की आठवडाभरात, यावर रुग्णांची बरीच गैरसोय अवलंबून असते. संगणकशास्त्राने त्यावर काढलेला तोडगा मोठा सुंदर आहे आणि तो समजायला संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही.

आठ आठवड्यांचा पेच

प्रश्न अवघड का, हे आयर्लंडच्या उदाहरणावरून कळते. १४ मे २०२१ रोजी त्या देशाच्या सार्वजनिक आरोग्य सेवेवर, म्हणजे एचएसईवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारे हे सॉफ्टवेअर. देशभरातल्या रुग्णालयांचे संगणक बंद करावे लागले. डब्लिनच्या रोटुंडा प्रसूती रुग्णालयाने ३६ आठवडे पूर्ण झालेल्या गर्भवती आणि तातडीचे रुग्ण वगळता बाह्यरुग्ण भेटी रद्द केल्या. सरकारने खंडणी द्यायला नकार दिला. काही दिवसांतच हल्लेखोरांनी स्वतःहून कुलपाची किल्ली दिली, तरी सर्व सर्व्हर मोकळे व्हायला सप्टेंबर उजाडला.

नंतरच्या चौकशीत एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. हल्लेखोर १४ मे रोजी आत शिरलेच नव्हते. १८ मार्चला एका कर्मचाऱ्याने फसव्या ईमेलसोबत आलेली एक्सेल फाइल उघडली, तेव्हाच त्यांना दार उघडे मिळाले होते. मधले आठ आठवडे ते आतच वावरत होते.

आता अशा रुग्णालयाच्या तंत्रज्ञाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. हल्ल्याच्या आदल्या दिवशीची प्रत परत आणली, तर रुग्णांची माहिती जवळपास पूर्ण मिळेल. पण हल्लेखोरांनी पेरून ठेवलेली साधनेही तिच्यासोबत परत येतील. घुसखोरीच्या आधीची, आठ आठवड्यांपूर्वीची प्रत आणली, तर यंत्रणा स्वच्छ मिळेल. पण मधल्या काळातले रक्ततपासणीचे अहवाल, स्कॅन, औषधांच्या नोंदी नाहीशा होतील. यातून वाट एकच : दोन्ही प्रती समोरासमोर ठेवायच्या, मधल्या काळात बदललेल्या फाइलींची यादी काढायची आणि त्यातून रुग्णांचे तेवढे घ्यायचे, घुसखोरांचे तेवढे टाकायचे.

स्नॅपशॉट म्हणजे काय?

बॅकअप म्हणजे माहितीची दुसरीकडे ठेवलेली नक्कल. स्नॅपशॉट थोडा वेगळा. एखाद्या क्षणी संगणकावरच्या सर्व फाइली जशा होत्या तशा गोठवून ठेवणे, म्हणजे स्नॅपशॉट. तो काढायला बहुधा काही सेकंदही पुरतात आणि सुरुवातीला तो जागाही जवळपास घेत नाही. कारण त्यात नक्कल केलीच जात नाही. फक्त एक नियम पाळला जातो : जुन्या मजकुरावर नवा लिहायचा नाही. फाइलचा काही भाग बदलला, तर तो डिस्कवरच्या नव्या, रिकाम्या जागेत लिहायचा. जुना भाग जिथल्या तिथे राहतो आणि स्नॅपशॉट त्याच्याकडे बोट दाखवत राहतो.

नेटॲप कंपनीच्या साठवण यंत्रांत ही पद्धत १९९०च्या दशकातच आली. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस, २००७ मध्ये ओरॅकलमध्ये सुरू झालेली बीटीआरएफएस, २०१७ पासून ॲपलच्या फोन आणि संगणकांत असलेली एपीएफएस या सर्व फाइल व्यवस्था याच नियमावर चालतात.

फरक शोधायच्या तीन जुन्या वाटा

दोन दिवसांचे दोन स्नॅपशॉट हाताशी आहेत. फरक कसा काढायचा? सर्वात साधी वाट म्हणजे दोन्हीकडची प्रत्येक फाइल उघडून अक्षरन् अक्षर ताडून पाहणे. यात चूक होत नाही, पण वेळ पाहा. १० टेराबाइट माहिती सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने वाचायची, तर जवळपास १४ तास लागतात. दोन्ही बाजू वाचायच्या म्हणजे २८ तास. तोवर बाहेर रुग्णांची रांग उभीच.

दुसरी वाट : फाइल उघडायची नाही, फक्त तिचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ पाहायची. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९६ मध्ये जगापुढे आणलेला आर-सिंक हा प्रसिद्ध प्रोग्राम एरवी असेच करतो. रोजच्या कामाला हे पुरेसे आहे. पण फाइलवरची वेळ कुणालाही बदलता येते. घुसखोर नेमके हेच करतात. नवी फाइल जुनी भासावी म्हणून तिच्यावर मागची तारीख टाकतात.

तिसरी वाट बोटाच्या ठशाची. फाइलमधल्या मजकुरावर गणिती प्रक्रिया करून एक ठरावीक लांबीचा आकडा काढायचा. मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी आकडा पार बदलतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जीन किम आणि युजीन स्पॅफर्ड यांनी १९९२ मध्ये याच तत्त्वावर ‘ट्रिपवायर’ हा प्रोग्राम तयार केला. महत्त्वाच्या फाइलींचे ठसे आधी घेऊन ठेवायचे, मग वेळोवेळी पुन्हा घेऊन जुळवायचे. ही पद्धत विश्वासार्ह आहे, पण ठसा घ्यायला संपूर्ण फाइल वाचावी लागतेच. वेळेचा प्रश्न तिथेच राहतो.

सातबाऱ्याची युक्ती

चौथी वाट आपल्याकडे शेतजमीन असलेल्या कुणालाही चटकन कळेल. सातबारा उतारा आठवा. जमिनीचा मालक बदलला की जुने नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. नवे नाव लिहितात आणि त्याच्याजवळ फेरफार क्रमांक टाकतात. हे क्रमांक चढत्या क्रमाने जातात. समजा, गावात शेवटच्या तपासणीच्या वेळी फेरफार क्रमांक १२०० झाला होता. तेव्हापासून काय बदलले, हे पाहायचे असेल, तर सगळे जुने कागद वाचायची गरज नाही. ज्या नोंदीपुढचा क्रमांक १२०० पेक्षा मोठा, तेवढ्याच नोंदी पाहायच्या.

स्नॅपशॉट ठेवणाऱ्या फाइल व्यवस्था हेच करतात. डिस्कवर माहितीचा तुकडा लिहिला जातो, तेव्हा त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीत एक चढता क्रमांक टाकला जातो. तो तुकड्याचा जन्म क्रमांक म्हणू या. त्याचा घड्याळाशी संबंध नाही, म्हणून फाइलवरची तारीख बदलून त्याला फसवता येत नाही.

याहून मोठी करामत पुढे आहे. हे तुकडे झाडासारखे रचलेले असतात : टोकाला पाने, त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या फांद्या आणि सर्वांच्या मुळाशी एक खोड. पान बदलले की त्याची फांदीही नव्याने लिहावी लागते आणि तिलाही नवा क्रमांक मिळतो. असे थेट खोडापर्यंत. त्यामुळे उलट दिशेने एक पक्का निष्कर्ष निघतो. एखाद्या फांदीचा क्रमांक जुन्या स्नॅपशॉटइतका किंवा त्याहून लहान असेल, तर तिच्यावरचे एकही पान त्यानंतर बदललेले नाही. ती फांदी उघडून पाहायचे कारणच नाही.

हिशेब करून पाहू. १० लाख पाने आहेत. खोडाला १०० फांद्या, प्रत्येक फांदीला १०० डहाळ्या आणि प्रत्येक डहाळीला १०० पाने. यातले एकच पान बदलले आहे. ते शोधायला खोडावरचे १०० क्रमांक, मग एका फांदीवरचे १०० आणि एका डहाळीवरचे १०० पाहिले की झाले. १० लाखांऐवजी ३०० नोंदी. शोधाला लागणारा वेळ एकूण माहिती किती यावर ठरत नाही. मुख्यतः बदल किती झाले यावर ठरतो.

यादी काय सांगते?

झेडएफएसमध्ये अशी यादी मागितली, तर प्रत्येक फाइलीपुढे चारपैकी एक खूण येते : नवी आली, काढून टाकली, आतून बदलली किंवा नाव बदलले. या खुणा वाचणे थोडेफार रक्ताचा अहवाल वाचण्यासारखे आहे. एका आकड्यापेक्षा आकड्यांचे गुणोत्तर अधिक बोलते.

रुग्णालयाचेच पाहा. रोज नवे एक्स-रे, नवे स्कॅन येतात, म्हणून नव्या फाइली भरपूर असणारच. पण मागच्या वर्षी काढलेल्या एक्स-रेची फाइल आज बदलण्याचे सहसा काही कारण नसते. अशा जुन्या फाइलींपुढे एका रात्रीत ‘बदलली’ किंवा ‘नाव बदलले’ अशा खुणा हजारोंनी दिसू लागल्या, तर धोक्याची घंटा वाजलीच. रॅन्समवेअर एकामागून एक फाइल कुलूपबंद करत जाते आणि अनेकदा तिच्या नावाला स्वतःचे शेपूट जोडते. दर तासाला स्नॅपशॉट घेतले जात असतील, तर हे नेमक्या कोणत्या तासाला सुरू झाले, हेही त्या यादीतूनच कळते आणि कोणत्या प्रतीपर्यंत मागे जायचे ते ठरवता येते.

याच यादीचा दुसरा उपयोग रोजच्या बॅकअपला होतो. दररोज सगळी माहिती दूरच्या ठिकाणी पाठवणे लहान रुग्णालयाला परवडत नाही. पण कालपासून बदललेले तुकडे तेवढे पाठवायचे असतील, तर साधे इंटरनेटही पुरू शकते.

मर्यादाही ओळखाव्यात

ही यादी काय बदलले ते सांगते. का आणि कुणी बदलले ते सांगत नाही. तो निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. दुसरे म्हणजे, दोन स्नॅपशॉटच्या मधल्या वेळेत जन्मलेली आणि मधेच पुसली गेलेली फाइल या यादीत दिसत नाही. सकाळी आणि संध्याकाळी रक्तदाब मोजला, तर दुपारी तो चढून उतरल्याचे कळत नाही, तसेच हे. स्नॅपशॉटमधले अंतर जितके कमी, तितके निसटणारे कमी.

तिसरी अडचण डेटाबेसची. रुग्णांच्या नोंदी बहुतेक वेळा सुट्या फाइलींत नसतात. त्या एका मोठ्या डेटाबेसमध्ये असतात. त्याची फाइल रोजच बदलते, त्यामुळे ‘बदलली’ एवढे कळून उपयोग नाही. आतली कोणती नोंद बदलली, हे पाहायला डेटाबेसची स्वतःची व्यवहार नोंदवही तपासावी लागते.

चौथी गोष्ट सर्वात महत्त्वाची. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क जळाली की तोही गेला. शिवाय व्यवस्थापकाचा पासवर्ड मिळालेला हल्लेखोर आधी स्नॅपशॉटच पुसतो. मे २०१७ मध्ये ब्रिटनच्या रुग्णालयांना वेठीस धरणाऱ्या वॉनाक्रायने विंडोजमधल्या अशा जुन्या प्रती पुसण्याची आज्ञा सोबतच आणली होती. म्हणून एक प्रत तरी अशा जागी हवी, जिथे नेटवर्कवरून कुणाचा हात पोहोचणार नाही.

आपण काय करावे?

घरातल्या वैद्यकीय फाइली, विमा, जुने अहवाल क्लाउडवर आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. बहुतेक क्लाउड सेवा ‘सिंक’ करतात, म्हणजे इथे फाइल बिघडली की तिथेही बिघडलेलीच पोहोचते. आपल्या सेवेत फाइलच्या मागच्या आवृत्त्या मिळतात का आणि किती दिवस मिळतात, हे सेटिंगमध्ये एकदा पाहून ठेवावे. महिन्यातून एकदा वेगळ्या डिस्कवर तारखेच्या नावाचे फोल्डर करून प्रत घ्यावी आणि काम झाले की डिस्क काढून ठेवावी. जुन्या फोल्डरवर नवे लिहू नये. दोन महिन्यांची फोल्डरे शेजारी ठेवून फाइलींची संख्या आणि आकार पाहिले, तरी मोठा बिघाड नजरेस येतो.

दवाखाना किंवा रुग्णालय चालवणाऱ्यांनी आपल्या संगणक पुरवठादाराला तीन प्रश्न विचारावेत. कालच्या आणि आजच्या प्रतीत काय बदलले, याची यादी किती वेळात देता येईल? आठ आठवड्यांपूर्वीची प्रत आपल्याकडे आहे का? आणि ती परत आणून पाहण्याची रंगीत तालीम शेवटची कधी केली होती? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून तारीख मिळाली नाही, तर ती तालीम याच आठवड्यात करून घ्यावी.